भिंतीतली खुर्ची

लग्न ठरलं तेव्हा बातिस्ते विसीला म्हणाला होता, "आमचं घर समुद्राजवळ आहे." आता याला खोटं म्हणता येत नाही. बेनिमारेल गावाहून समुद्र जवळच आहे, फक्त मध्ये डोंगर आहे. गच्चीवर चढावं, वाळत घातलेल्या चादरी बाजूला साराव्यात, आणि हवा स्वच्छ असली तर दोन टेकड्यांच्या बेचक्यात बोटभर निळी पट्टी दिसते. विसी पडली वायादोलिदची, देशाच्या पार मधल्या कोरड्या पठारावरची. नवी नवरी पोहण्याचे नवेकोरे कपडे पेटीत भरून सुट्टीला आली आणि तिने ती पट्टी बघितली.

"एवढाच?" तिने विचारलं.

"पुरतो एवढा," बातिस्ते म्हणाला.

आणि खरंच पुरला. त्या गोष्टीला तीस-बत्तीस वर्षं झाली. दर ऑगस्टला दोघं वायादोलिदचं घर बंद करून सासरच्या या जुन्या घरी येतात. डोंगरापलीकडे किनाऱ्यावर माणसं टॉवेलला टॉवेल लावून वाळूत भाजत पडलेली असतात. इकडे दुपारी गाव असं झोपतं, की रस्ता ओलांडणारं कुत्रंसुद्धा पाय न वाजवता जातं. उन्हं कलली की दारं उघडतात, दारासमोर पाणी शिंपडलं जातं, प्रत्येक घरातून गवती बैठकीच्या खुर्च्या बाहेर येतात आणि गल्ली गप्पांना बसते. अंजिरं पिकलेली असतात, बदाम फोडायचे असतात, कुणाच्या तरी सुनेचं वाईट बोलायचं असतं. सुट्टी म्हणजे आणखी काय हवं? विसीला हे सगळं आवडू लागलं, इतकं की मे महिन्यापासून ती दिवस मोजायला लागायची.

एकच काटा सलत होता, खुर्चीचा. संध्याकाळच्या गप्पांतल्या खुर्चीचा नव्हे. ती तिला कधीच मिळाली होती. सणाच्या दिवशीच्या खुर्चीचा.

ऑगस्टच्या शेवटी गावच्या संताचा सण येतो. त्या दिवशी थोरल्या गल्लीत चेंडूचा सामना होतो, वरची गल्ली विरुद्ध कारंज्याची गल्ली. चेंडू चामड्याचा, लिंबाहून लहान आणि सुपारीसारखा टणक. तो नुसत्या हाताने मारायचा. प्रतिपक्षाच्या टोकाची रेघ ओलांडून गेला की गुण. मैदान म्हणजे रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना भिंतीला टेकून खुर्च्या. एका बाजूला वरच्या गल्लीची माणसं बसतात, दुसऱ्या बाजूला कारंज्याच्या गल्लीची. घरटी एक खुर्ची.

या बसलेल्या माणसांना बेनिमारेलमध्ये प्रेक्षक म्हणत नाहीत, भिंत म्हणतात. चेंडू त्यांच्या अंगावर आदळला तरी खेळ थांबत नाही. भिंतीवर आपटून उडावा तसा तो माणसावर आपटून उडतो आणि खेळाडू त्याला पुन्हा मारतात. अट एकच, बसलेल्याने हलायचं नाही. मान चुकवली, हात वर केला, खांदा आखडला की त्याच्या गल्लीचा गुण गेला. भिंत कधी हलते का? इथली पोरं हे आईच्या मांडीवर शिकतात. गावात दात पडलेले, नाक वाकडे झालेले पुष्कळ लोक आहेत आणि सगळे ते मोठ्या मानाने दाखवतात.

लग्नानंतरच्या पहिल्या सणाला सासरच्या घराची खुर्ची नव्या सुनेला मिळाली. बातिस्तेने नियम सांगितला होता, नाही असं नाही. पण विसी नन्सच्या शाळेत असताना तिथल्या हँडबॉल संघाची गोलरक्षक होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. सामना बरोबरीत आला. शेवटचा चेंडू कारंज्याच्या गल्लीकडून सुसाट आला, वरच्या गल्लीच्या भिंतीला घासत. विसीने डावा हात टाकला आणि तो अलगद झेलला. नुसता झेलला असता तरी एक वेळ चाललं असतं. ती उठून उभी राहिली, चेंडू डोक्यावर उंच धरला, आणि आता टाळ्या वाजणार म्हणून हसत चहूकडे बघू लागली.

टाळ्या फक्त समोरच्या खुर्च्यांतून वाजल्या.

तेव्हापासून तिचं नाव पडलं झेलबाई. तेव्हापासून तिच्या घराची खुर्ची चुलत जावेकडे गेली, आणि विसी सामना बघू लागली पंचायतीच्या कचेरीच्या गॅलरीतून. तिथे चेंडू लागू नये म्हणून जाळी बांधतात आणि जाळीमागे तान्ही मुलं, आजारी माणसं आणि पाहुणे बसवतात. त्यात भर म्हणजे वरच्या गल्लीला त्या दिवसापासून जशी साडेसाती लागली. एकदाही सामना जिंकला नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी चौकात मोठ्या कढयांत सशाचा आणि गोगलगाईंचा भात शिजतो. तो जिंकलेली गल्ली शिजवते आणि हरलेली गल्ली भांडी घासते. वरच्या गल्लीतल्या बायकांचे हात वर्षानुवर्षं काळे होत आले होते. विसी घासायला सगळ्यात पुढे असायची. कारंज्याच्या गल्लीची फिनेता, तोंडाने फटकळ आणि हाताने सुगरण, स्वतः करपलेली कढई आणून तिच्या पुढ्यात आदळायची.

"घे गं झेलबाई, हीसुद्धा झेल."

यंदा सुट्टीला येऊन पेट्या उघडतात न उघडतात तोच विसीला बातमी कळली. बातिस्तेच्या आत्याच्या, दोलोरेतेस आत्याच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की यंदा भिंतीत बसायचं नाही. आत्याची खुर्ची साधी नव्हती. ती अगदी शेवटची, वरच्या गल्लीच्या रेघेच्या अलीकडची. सगळ्यात जोराचे चेंडू तिथेच येतात. ऐंशी उलटलेल्या आत्याने त्या खुर्चीत दोन दात आणि एक बरगडी दिली होती. तिला मूलबाळ नव्हतं. ही खुर्ची कुणाला द्यायची ते तिचं तिने ठरवायचं होतं, आणि गल्लीतला जो तो तिच्या दारात अंजिरांच्या टोपल्या घेऊन घुटमळत होता.

विसी टोपली न घेताच गेली.

"आत्या, मला द्या."

आत्या दारात बसून बदाम फोडत होती. उघड्या डोळ्याने तिने सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुला? अगं, माकडाच्या हाती कोलीत देऊ? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"यंदा नेउस खेळतेय," विसी म्हणाली. "पहिल्यांदाच. माझी पोर खाली रस्त्यात खेळणार आणि मी वरून जाळीतून बघू? खुराड्यातल्या कोंबडीसारखी? तीस वर्षं भांडी घासली मी, आत्या. एकदा चुकले, त्याला जन्मठेप?"

नेउस तिची मुलगी. वालेन्सियात शाळेत शिकवायची, पण लहानपणापासून सगळे ऑगस्ट इथे काढलेले, त्यामुळे हात इथलाच. यंदा वरच्या गल्लीने तिला आपल्या तीन खेळाडूंत घेतलं होतं.

 आत्याने एक बदाम उचलला आणि बसल्या जागेवरून विसीच्या तोंडावर भिरकावला. विसीने तो झेलला.

"बघ," आत्या म्हणाली.

विसीचं तोंड एवढंएवढंसं झालं. पण म्हातारी तिला हाकलत नव्हती. तिने शेजारची रिकामी खुर्ची पायाने पुढे सारली.

"बस. सणापर्यंत रोज संध्याकाळी यायचं. मी काय वाटेल ते फेकीन. ज्या दिवशी तू हलणार नाहीस त्या दिवशी बोलू."

अशी विसीची सुट्टी सुरू झाली. लोक सुट्टीत आराम करतात. ही बाई मार खायला बसू लागली. आत्या गप्पा मारायची, पावाचा भाव काय, पाद्रीबुवा कसे सुटलेत, आणि बोलता बोलता बदाम यायचा. कधी अंजीर, कधी सपाता. पहिल्या दिवशी विसीने सगळं झेललं. एकही वस्तू सुटली नाही. दुसऱ्या कुठल्याही खेळात तिच्या गळ्यात हार पडले असते. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "देवा, हिला हात दिलेस ते जरा कमी द्यायचे होतेस."

मग विसीने हात मांडीखाली दाबून ठेवले, तर मान हलली. मान आवळली, तर डोळे मिटले. घरी बातिस्तेही कामाला लागला. ती भाजी चिरत असताना तो मागून ओल्या हाताचे शिंतोडे उडवायचा आणि वर विचारायचा, "हललीस ना?" एकदा तिने त्याला उलथनं दाखवलं तेव्हा तोच हलला. नेउस शनिवारी शहरातून आली की दुपारच्या सामसुमीत, दारं मिटलेल्या गल्लीत, आईला भिंतीशी बसवून मऊ चेंडूने सराव करायची. हळूहळू विसीला जमू लागलं. बदाम कपाळावर आपटून खाली पडू लागले. आत्याची हसरी बाजू थोडी थोडी दिसायला लागली.

सण आठवड्यावर आला असताना सगळं मुसळ केरात गेलं. विसी चौकातल्या दुकानात लिंबाचा बर्फगोळा घ्यायला गेली होती. दुकान भरलेलं. मागून आवाज आला, "झेलबाई!" ती वळली, आणि एक गोल पाव तिच्या दिशेने उडत आला. डावा हात आपोआप वर गेला. पाव हातात.

फिनेता दाराशी उभी राहून पोट धरून हसत होती. "ऐकलं ते खरं का गं? आत्याची खुर्ची मागतेस म्हणे? मग यंदा आम्ही घासणी विकत घेतच नाही! पैसे वाचले!"

सगळं दुकान हसलं. वरच्या गल्लीचे लोकही हसले, हे विसीला जास्त लागलं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात उभी राहून रडली. दुःखाने कमी आणि रागाने जास्त. बातिस्ते दाराशी घोटाळत राहिला.

"सोड ना, विसी. वरून छान दिसतं. वाराही असतो."

"तुला छान दिसतं! तू इथला आहेस! तुला खाली बसवतील नाहीतर वर, तू इथलाच राहणार. मी कोण आहे या गावात? एका चेंडूने झालेली थट्टा. माझी पोरसुद्धा झेलबाईची पोर म्हणून ओळखली जाते. मला ती खुर्ची पाहिजे, बातिस्ते. मला एकदा तरी या गावाच्या भिंतीत बसायचंय."

 इतक्या वर्षांत बातिस्तेने हे असं कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्वतः चालत दाराशी आली. पट्टी एका डोळ्यावर, काठी एका हातात, आणि दुसऱ्या हातात काळा, लाकडी काड्यांचा जुना पंखा.

"पाव झेललास म्हणे."

"झेलला." विसीने लपवलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ होता? गावभर झालं होतं.

"का झेललास?"

"तो माझ्याकडे आला म्हणून."

"हेच तुझं चुकतं," आत्या खुर्चीत टेकत म्हणाली. "तू काय एवढी मोठी लागून गेलीस की चेंडू तुला भेटायला येतोय? चेंडू रेघेकडे चाललेला असतो. तू वाटेत आहेस, बस्स. मी एवढी वर्षं तिथे बसले, त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. मी वारा घेत होते." तिने पंखा विसीच्या डाव्या हातात दिला. "रिकाम्या हाताला खाज सुटते. त्याला काम दे. पंखा हलला तर चालतो, सगळ्याच बायका हलवतात. पण एकदा हलवायला घेतलास की थांबवायचा नाही. वर नाही, खाली नाही, जोरात नाही, हळू नाही. आकाश कोसळलं तरी वारा घेत राहायचं."

सणापर्यंत विसीने डाव्या हाताने पंखा हलवत सगळी कामं उजव्या हाताने केली. भातात मीठसुद्धा तसंच घातलं.

सणाच्या दिवशी सकाळची पूजा झाली, संताची मिरवणूक झाली, आणि थोरल्या गल्लीत खुर्च्या येऊ लागल्या. घराच्या पायरीवर बातिस्ते नेउसचे हात बांधत होता. बोटांना चिकटपट्टीचे पट्टे, आणि तळव्याला जुन्या पत्त्यांचे कापलेले तुकडे, म्हणजे चेंडूचा मार हाडापर्यंत जात नाही. त्याने मुद्दाम बदामची राणी तिच्या उजव्या तळव्यात ठेवली.

"आई कुठे बसणार?" नेउसने विचारलं.

"आत्याने अजून तोंड उघडलेलं नाही," तो म्हणाला.

आत्याने तोंड उघडलं ते खुर्च्या लागल्यावरच. शेवटची खुर्ची रिकामी होती. ती काठी टेकत तिथवर आली, बैठक हाताने झटकली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सूनबाई, बस."

वरच्या गल्लीच्या रांगेत कुजबुज झाली. शेजारच्या खुर्चीतला रामोनेत, आत्याचा जुना शेजारी, अर्धा उठलाच. "आत्या, औषध जास्त झालं का? बरोबरीच्या सामन्यात ही बया पुन्हा—"

"खुर्ची कुणाची?"

"तुमची."

"मग तू तुझ्या खुर्चीची काळजी कर. गेल्या वर्षी शिंकलास ते मी पाहिलंय."

रामोनेत खाली बसला. समोरच्या रांगेत, बरोबर विसीच्या पुढ्यात, फिनेताची खुर्ची होती. तिने दोन्ही हात जोडून आकाशाकडे बघितलं, जणू संताने घरी येऊन मिठाई दिली. आत्याला दोघांनी धरून गॅलरीत नेलं आणि जाळीमागे बसवलं. विसी खुर्चीत बसली, पाठ भिंतीला लावली आणि वारा घ्यायला लागली. हात एका लयीत चालला होता.

सामना असा रंगला की म्हातारे लोक अजून त्याबद्दल भांडतात. कारंज्याच्या गल्लीचा काएता हा बेकरीवाला. भट्टीतल्या फळीसारखे रुंद हात त्याचे. तो चेंडू जमिनीलगत असा सोडायचा की ऐकू आधी यायचा आणि दिसायचा मागून. पहिले डाव त्यांनी घेतले. मग नेउसला सूर सापडला. ती वाकून, रस्ता झाडल्यासारखी तळहाताने चेंडू उचलायची आणि काएताच्या डोक्यावरून लांब टाकायची. रामोनेतच्या गुडघ्यावर एक चेंडू बसला; तो हलला नाही, फक्त त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि डोळ्यांतल्या पाण्याला नियम नाही. समोर फिनेताच्या खांद्यावर एक बसला. तीही हलली नाही. तिचं तोंड फटकळ होतं, पण भिंत म्हणून ती अस्सल होती, हे शत्रूनेही मान्य करावं. विसीकडे एकही चेंडू आला नाही. ती वारा घेत राहिली.

शेवटचा डाव बरोबरीत आला. आता एकच गुण. कारंज्याच्या गल्लीच्या बायका कुजबुजत होत्या आणि विसीकडे बघून हसत होत्या. तीस वर्षांपूर्वीची तीच वेळ, तीच गल्ली, तीच बाई.

चेंडू खूप वेळ इकडून तिकडे गेला. नेउस पुढे धावली, तिने एक आखूड चेंडू उचलून टाकला आणि ती रस्त्याच्या मध्यात अडकली. काएताला हेच हवं होतं. त्याने सगळं अंग मागे नेलं आणि चेंडू वरच्या गल्लीच्या कडेने सोडला, खुर्च्यांना घासत. तिचे दोघं जोडीदारही पुढेच होते, नेउसच्या मागे आता कुणी नव्हतं. फक्त रेघ होती, आणि रेघेच्या अलीकडे शेवटची खुर्ची.

विसीने चेंडू बघितला. गोलरक्षकाला कळतं तसं तिला पक्कं कळलं की तो कुठे येणार. कपाळावर, डाव्या भुवईच्या वर. डावा हात निघालाच होता. पण त्या हातात पंखा होता, आणि पंख्याला काम होतं. तो माझ्याकडे येत नाहीये, ती मनाशी म्हणाली. मी वारा घेतेय.

नारळ फुटावा तसा आवाज झाला.

चेंडू तिच्या कपाळावरून उडून परत रस्त्यात आला, एक टप्पा, दोन टप्पे, थेट नेउसच्या पुढ्यात. नेउस वाकली आणि तिने बदामच्या राणीसकट सगळा तळहात त्याच्याखाली घातला. चेंडू वर चढला, काएताच्या डोक्यावरून गेला, पलीकडच्या रेघेपार गेला आणि देवळाच्या पायरीवर जाऊन थांबला.

 समोरून एकदम गलका उठला. "हलली! झेलबाई हलली! हात हलत होता!"

पंच होता औषधांच्या दुकानाचा विदाल. तो पलीकडच्या रेघेवर उभा होता, त्याला इथलं काही दिसलं नव्हतं. अशा वेळी बेनिमारेलचा रिवाज ठरलेला आहे. समोरच्या खुर्चीला विचारायचं. समोरची खुर्ची म्हणजे शत्रूची खुर्ची, पण तिलाच नीट दिसलेलं असतं, आणि तिने जे सांगितलं ते शेवटचं. विदाल धापा टाकत आला आणि फिनेतासमोर उभा राहिला.

विसीच्या कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळत होतं. ती पुसत नव्हती. खेळ अजून संपलेला नव्हता, म्हणून ती भिंतच होती. पंखा चालू होता. त्या लाल पडद्याआडून तिला समोर फिनेता दिसत होती, आणि तिला वाटलं, संपलं. या बाईच्या एका शब्दावर माझी उरलेली सगळी वर्षं.

फिनेताच्या मागून तिची माणसं तिला ढोसत होती. "सांग की! हलली म्हण! उद्या भांडी कोण घासणार?" फिनेता ओठ चावत विसीकडे बघत राहिली. वरून, जाळीमागून, खणखणीत म्हातारा आवाज आला.

"अगं फिनेता, जीभ गिळलीस का? मला दिसत नाही इथून! माझी सून हलली का?"

फिनेताने मोठा श्वास घेतला.

"पापणीसुद्धा नाही हलवली मेलीने," ती म्हणाली. "अजून वारा घेतेय, बघा."

मग जे झालं ते सांगायला तोंड पुरत नाही. वरची गल्ली खुर्च्यांसकट उठली. रामोनेतने विसीला उचलायचा प्रयत्न केला, त्याचीच कंबर धरली आणि त्याने तिला खाली ठेवलं. नेउस धावत येऊन आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या पांढऱ्या सदऱ्याला आईच्या कपाळाचं रक्त लागलं. देवळाच्या घंटा कुणी वाजवायला सुरुवात केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाद्रीबुवा वरच्याच गल्लीचे, त्यामुळे कुणी चौकशी केली नाही. बातिस्ते रडत होता आणि लोकांना सांगत होता, "माझी बायको! वायादोलिदची!" विसीने आता कुठे पंखा मिटला. तिला एकाच वेळी हसू येत होतं, रडू येत होतं, आणि डोकं ठणकत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात भात शिजला, आणि तो वरच्या गल्लीने शिजवला. सराव नसल्याने मीठ थोडं जास्त पडलं. कुणी तक्रार केली नाही. विसीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं, निळं-जांभळं. बातिस्ते बर्फ घेऊन आला तर आत्याने त्याला हाकललं.

"बर्फ लावलास तर याद राख! उतरेल ना ते! आठ दिवस तरी गावाला बघू दे."

जेवणं झाली. विसी आणि आत्या सावलीत शेजारी शेजारी बसल्या होत्या. समोर कारंज्याजवळ फिनेता बाह्या सारून एक अवाढव्य कढई घासत होती, कोपरापर्यंत काळी. विसी उठून तिच्याजवळ गेली आणि हातातला लिंबाचा बर्फगोळा तिच्यापुढे धरला.

"फिनेता, खोटं बोलली असतीस तर चाललं असतं तुला."

"आणि माझी खुर्ची?" फिनेता तोंडाने आ करून बर्फगोळ्याचा लचका तोडत म्हणाली, कारण हात काळे होते. "भिंत खोटं बोलली तर गाव उभं राहील का? जा, बस तिकडे. पुढच्या वर्षी तुझा दुसरा डोळा फोडायला सांगते काएताला."

विसी परत येऊन बसली. आत्या तिच्याकडे एका डोळ्याने बघत होती.

"माझी पट्टी पुढच्या महिन्यात निघेल," ती म्हणाली. "पण मला आता जाळीमागे बरं वाटतं. वारा असतो. खुर्ची घेऊन जा घरी."

विसी आत्याचा हात हातात घ्यायला गेली. आत्याला असलं काही सोसत नसे. तिने झग्याच्या खिशातला एक बदाम काढला आणि काही न सांगता सुनेच्या तोंडावर भिरकावला.

विसीने डावा हात टाकला आणि तो अलगद झेलला. चौकातल्या सगळ्यांनी पाहिलं. ती उठून उभी राहिली, बदाम डोक्यावर उंच धरला, आणि हसत चहूकडे बघितलं.

या वेळी टाळ्या दोन्ही गल्ल्यांनी वाजवल्या. फिनेताने तर कढईच वाजवली.